परीक्षक विश्रांतीत आहेत

कुकरची पहिली शिट्टी झाली आणि दुसरी व्हायच्या आत मी गॅस बंद केला. मग अंगणात येऊन टाकीच्या झाकणावर नखं वाजवणाऱ्या मोराला चप्पल दाखवली, रद्दीवाल्या भैयाला त्याने तोंड उघडण्याआधीच हाताने मागे वळवलं, आणि परत येऊन आतल्या खोलीच्या दारासमोर स्टूल टाकून बसलो. दाराला बाहेरून कडी घातली होती, वाऱ्याने आपटू नये म्हणून. आत परीक्षक होते. सुलोचना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती काही बोलणार एवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. ती बोलली नाही. आप्पासाहेब, लग्न झाल्यापासून तुमची बहीण माझं एवढं पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मायना खाली घसरला, माफ करा. ती. स्व. आप्पासाहेब यांना जनार्दनाचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर? कऱ्हाडला अजून थंडी आहे का, की नदीवरचा वारा उतरला? दुकान बरं चालत असेल. (आता लोक लग्नात भांडी देत नाहीत, पाकिटं देतात, असं तुम्ही मागे म्हणाला होता. इकडे जयपुरात अजून देतात. पाहिजे तर सांगा, चौकशी करतो.) आम्ही सगळे बरे आहोत. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही पूर्ण ऐकून घेता आणि 'बरं' म्हणून ठेवता. आज जे झालं ते 'बरं' या शब्दात मावणार नाही, म्हणून पत्र. काय निकाल लागला हे विचारू नका. गाडी पोचायच्या आधी पोचली असं सांगायची आमच्यात पद्धत नाही.

तुम्हाला वाटत असेल की तत्त्वज्ञानात पीएचडी करायला विचार करावा लागतो. लागतो, पण फार पुढे. आधी एम.ए.ला पुरेसे टक्के लागतात. ते सुलोचनाने बाहेरून परीक्षा देऊन मिळवले. उत्कर्षा तेव्हा शाळेत होती आणि मायलेकी एकाच टेबलावर बसत. कोणाची परीक्षा जवळ आली आहे ते टेबलावरच्या पसाऱ्यावरून कळायचं नाही. मग मार्गदर्शक लागतो. मार्गदर्शकाकडे जागा मोकळी असावी लागते, आणि आधीच्या कुणी पूर्ण केल्याशिवाय किंवा सोडून दिल्याशिवाय ती मोकळी होत नाही. (छोट्या स्टेशनावरच्या लूप लाइनसारखं आहे. आतली गाडी निघेपर्यंत तुम्ही बाहेर सिग्नलला उभे.) सुलोचना दोन वर्षं उभी होती. मग पार्वती मॅडमकडे जागा झाली. पार्वती शेखावत. बारीक अंगाच्या, कडक, चहात साखर न घेणाऱ्या. मग विषयाचा आराखडा एका समितीपुढे ठेवावा लागतो. विषय असा: दुसऱ्याने सांगितलं म्हणून आपल्याला जे कळतं, त्याला 'कळणं' म्हणायचं का. आपल्या जुन्या शास्त्रात याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि ज्याचा शब्द मानावा त्याला आप्त. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं की याचा समाजाला उपयोग काय. सुलोचना म्हणाली, उपयोग आहे असं मी सांगितलं तर तुम्ही मानाल का? मानणार असाल तर हाच माझा विषय आहे, आणि मानणार नसाल तरी हाच आहे. आराखडा मंजूर झाला.

त्यापुढे दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल. एका सहामाहीत तिने एकच पान वाचलं. तेच. रोज. मी गाडी घेऊन ड्यूटीवर जाताना ते पान उघडं असायचं आणि आबू रोडहून परत आलो की तेच उघडं असायचं. मला काळजी वाटली. मी मॅडमना भेटायला गेलो (तिला न सांगता). मॅडम म्हणाल्या, "निकमजी, यही तो काम है," आणि अहवालात 'प्रगती समाधानकारक' लिहिलं. त्या दिवसापासून मी रनिंग रूममध्ये सगळ्यांना सांगायला लागलो की आमच्या घरी एक पान सहा महिने चालतं. ड्रायव्हर लोकांना कौतुक वाटलं. त्यांचं वर्तमानपत्र फुलेरा स्टेशन यायच्या आत संपतं.

मग विद्यापीठाचं तुमच्याकडे काही राहिलेलं नाही असे दाखले. ग्रंथालयाचा समजू शकतो. पण वसतिगृहाचा लागतो, प्रयोगशाळेचा लागतो आणि क्रीडा विभागाचाही लागतो. आपली सुलोचना, पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई, क्रीडा विभागात जाऊन उभी राहिली आणि तिथल्या माणसाने मोठी वही काढून शोधलं की हिने हॉकीची स्टिक नेली होती का. नव्हती नेली. त्याने शिक्का मारला, तोही जरा नाराजीने. मग बांधणी. राजा पार्कमध्ये एक बाइंडर आहे. तो लग्नाचे आल्बमही बांधतो आणि प्रबंधही. कापड तेच, सोनेरी अक्षरंही तीच. सगळ्या प्रती घेताना त्याने वर एक गणपतीचं चित्र लावलेलं पाकीट फुकट दिलं आणि 'बधाई हो' म्हणाला. कोणाची, ते त्याने विचारलं नाही. मी प्रबंध वाचला नव्हता. पार्सल ऑफिसच्या काट्यावर वजन मात्र केलं होतं. आपल्या घरात एवढं वजनदार दुसरं काही कोणी लिहिलेलं नाही.

यानंतर प्रबंध बाहेरगावच्या दोन परीक्षकांकडे जातो. त्यांचा होकार आला की त्यांतले एकजण येतात आणि तोंडी परीक्षा घेतात. ती खुली असते. नोटीस लागते, कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा असा नियम. होकार यायला इतका वेळ लागला की पार्वती मॅडमच्या निवृत्तीचा महिना उजाडला. महिनाअखेर त्या निवृत्त, त्याआधीचा आजचाच दिवस हाताशी. आज झाली नाही तर मार्गदर्शक नवा, परीक्षक नवे, पुन्हा पत्रव्यवहार. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं: आज नाही तर मग कधी, ते मी सांगू शकत नाही. सुलोचनाने हे ऐकून घेतलं आणि घरी येऊन मेथी निवडायला बसली. मी पाहिलं, ती देठं भांड्यात टाकत होती आणि पानं कागदावर.

परीक्षक म्हणजे डॉ. उमाकांत चतुर्वेदी, मध्य प्रदेशातून आले. म्हातारे, उंच, वाकलेले, मोठं नाव असलेले. विद्यापीठाच्या अतिथिगृहात खेळाच्या स्पर्धेसाठी आलेली मुलं उतरली होती, म्हणून मॅडम म्हणाल्या की सकाळी गाडीवरून तुमच्या क्वार्टरवर न्या, जेवू घाला, तीन वाजता विभागात आणा, संध्याकाळच्या गाडीने ते परत जातील. हे काम मी मागून घेतलं. अठ्ठावीस वर्षं गार्ड आहे, आप्पासाहेब. माणूस गाडीतून उतरवणं आणि गाडीत बसवणं यात मला कोणी शिकवू नये. गाडी बरीच उशिरा आली. चतुर्वेदीजींचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा होता. शेजारच्या तारामतीवहिनींनी (इंजिन चालवणारे आमचे हिंदुराव, कोल्हापूरचे, त्यांच्या मिसेस) पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. चतुर्वेदीजींनी चार खाल्ल्या, प्रत्येकीवर तूप. मग हात धुऊन ते आतल्या खोलीत गेले. मी दारात उभा राहून नेहमीच्या सवयीने विचारलं, "सर, कॉल किती वाजता देऊ?" ते जरा गोंधळले. मग म्हणाले, "अरे भाई, आराम से."

आता इथे तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. गाडीवरचा माणूस परगावी पोचला की रनिंग रूममध्ये झोपतो. तिथे एकच धर्म पाळतात. झोपलेल्याला वेळेआधी उठवायचं नाही. पंखा कुरकुरत असेल तर पंखा बंद. कोणाचा बाप वारला तरी निरोप्या बाहेर थांबतो. कारण झोप अर्धवट राहिलेला ड्रायव्हर सकाळी लाल सिग्नल ओलांडून जाऊ शकतो आणि मग मागच्या डब्यांतल्या सगळ्यांना ते भोगावं लागतं. गाडीची वेळ झाली की कॉल देणारा येतो, नावाने हाक मारतो, वहीवर सही घेतो. त्याच्याआधी कोणी नाही. आणि दुसरं असं, की गाडी उशिरा आली तर विश्रांतीही पुढे सरकते. विश्रांती उतरल्यापासून मोजायची, वेळापत्रकापासून नाही. मी स्टुलावर बसून हिशोब केला. चतुर्वेदीजी जेव्हा उतरले तेव्हापासून मोजलं तर त्यांचा कॉल बरोबर तीन वाजता येत होता.

तोंडी परीक्षाही तीन वाजता होती, हे माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नका. आलं. पण मला वाटलं, तिची सगळी वर्षं आज या एका माणसाच्या डोक्यावर उभी आहेत. ते डोकं अर्धवट झोपेचं असून चालणार नाही. परीक्षा थोडी उशिरा सुटेल. गाड्या सुटतातच.

उत्कर्षा बाहेरून आली. तिने दाराकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, मतलब, तुम्ही सरांना बंद केलंय?" मी म्हणालो, हळू बोल, परीक्षक विश्रांतीत आहेत. ती म्हणाली, "पण नॉक तर करा ना. विचारून घ्या. त्यात काय आहे?" तिला रेल्वेत घालणार नाही हे मी तेव्हाच ठरवलं. मग तारामतीवहिनी पुरणपोळीचा डबा परत न्यायला आल्या आणि दारातूनच, "काय वो भावजी, पावणं झोपलं का?" असं इतक्या मोठ्याने विचारलं की मी डबा त्यांच्या हातात देऊन त्यांना अंगणापर्यंत पोचवलं. त्या जाता जाता म्हणाल्या, "न झोपून सांगतील कुणाला? चार खाल्ल्यात. आमचं हे दोनातच आडवं होतात." हे मला पटलं. अनुभवी बाईचं मत होतं.

अडीच वाजता मॅडमचा फोन आला. तो सुलोचनाने घेतला आणि बोलत बोलत मागच्या बाजूला गेली. मी दार सोडून जाऊ शकत नव्हतो. परत आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मॅडम थांबतील." मी म्हणालो, बघ, मोठी माणसं समजून घेतात. तिने मान हलवली, हातातला रिकामा कप धुतला, साडी बदलून आली, केसांचा अंबाडा घातला, पुन्हा एकदा मागच्या बाजूला जाऊन आली, आणि तीनला काही वेळ असताना स्टुलापाशी उभी राहिली. म्हणाली, "उठा आता. बाजूला व्हा." मी म्हणालो, अजून कॉल झालेला नाही. ती म्हणाली, "मी देते," आणि कडी काढली.

चतुर्वेदीजी झोपलेले नव्हते. पलंगावर मांडी घालून ताठ बसले होते. चष्मा नाकावर, मांडीवर प्रबंध उघडा, बोट पानात. उशीला सुरकुतीही नव्हती. सुलोचनाला पाहून ते म्हणाले, "बहनजी, आपके पाँचवें अध्याय से मैं बिल्कुल सहमत नहीं हूँ."  पुढे रिक्षात त्यांनी स्वतःहून सांगितलं (म्हातारा मनाचा सरळ), की होकार पाठवताना त्यांनी सुरुवात आणि शेवट वाचला होता, सगळेच तसं करतात, मधलं कोण वाचतं. आज खोलीत दुसरं काही नव्हतं आणि दार लावलेलं होतं. तेव्हा वाचलं. सगळं वाचलं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे वळून तिच्याकडे पाहायचं धाडस झालं नाही. मला वाटलं, मी तिचं सगळं घालवलं. न वाचणारा परीक्षक सही करतो, वाचणारा प्रश्न विचारतो, हे तत्त्वज्ञान न शिकलेल्या माणसालाही कळतं.

विभागात गेलो तर खोली भरलेली. मॅडमनी आठवड्यापूर्वी म्हटलं होतं की सुट्टीमुळे मुलं येणार नाहीत, नियमाला श्रोते लागतात, कुणी असतील तर आणा. मी मराठी मंडळात शब्द टाकला होता. आज दुपारनंतर मंडळाची कानोत्याच्या बंधाऱ्यावर सहल ठरलेली होती. हिंदुरावांनी ती बस तशीच विद्यापीठाकडे वळवली. त्यामुळे तत्त्वज्ञान विभागात सतरंज्या, बॅडमिंटनच्या रॅकेट, थर्मास आणि टोप्या घातलेली माणसं बसलेली. विभागप्रमुखांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ये सब दर्शनशास्त्र में रुचि रखते हैं?" मी म्हणालो, मनापासून. तारामतीवहिनी तेवढ्यात पहिल्या बाकावर लाडवांचा डबा उघडत होत्या.

सुलोचना पुढे उभी राहिली. आप्पासाहेब, तिच्या हातात कागद नव्हता. ती बोलली, हिंदीत, सावकाश, आणि मी पहिल्यांदा ऐकलं की त्या पाचव्या प्रकरणात काय आहे. त्यात मी आहे. म्हणजे नाव नाही, पण मी आहे. ती म्हणाली: पुढच्या स्टेशनचा मास्टर कळवतो की लाइन मोकळी आहे. या स्टेशनच्या मास्टरला ती लाइन दिसत नाही. तो सिग्नल देतो. गार्ड झेंडी दाखवतो, त्यालाही दिसत नाही. ड्रायव्हर निघतो. मागे हजार माणसं झोपलेली. कोणीच पाहिलेलं नाही, एकाने सांगितलेलं दुसऱ्याने घेतलं आहे. तरीही लाइन मोकळी आहे हे त्या सगळ्यांना माहीत असतं. ते उसनं नसतं, त्यांचं स्वतःचं असतं. फक्त ऐकणाऱ्याला कोणाचं ऐकावं हे कळायला हवं. हे कळणं म्हणजे आळस नव्हे, ते कसब आहे, आणि माझा प्रबंध त्या कसबाबद्दल आहे.  मी वर्षानुवर्षं घरी येऊन बूट काढता काढता जे बडबडत होतो ते ही बाई ऐकत होती.

चतुर्वेदीजींनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि ते थांबेनात. म्हणाले, हे ज्ञान नाही, ही सवय आहे. बैल रोजच्या वाटेने जातो, त्याला वाट माहीत असते असं तुम्ही म्हणाल का? ती म्हणाली, बैल कधी थांबून विचारत नाही. ते म्हणाले, तुमचा ड्रायव्हर तरी विचारतो का? ती म्हणाली, शंका आली तर विचारतो. ते म्हणाले, हे तुम्हाला कोणी सांगितलं? असा अर्धा तास गेला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. म्हणाले, परीक्षा खुली आहे, इथे खुद्द गार्ड बसले आहेत, त्यांनाच विचारू. निकमजी, झेंडी दाखवताना पुढची लाइन मोकळी आहे हे तुम्हाला माहीत असतं, की तुम्ही नुसतं मानता?

मी उभा राहिलो. सगळं मंडळ माझ्याकडे बघत होतं. मला वाटलं, हिला मदत करायची हीच वेळ. मी छाती काढून म्हणालो, "सर, मैं किसी पे विश्वास नहीं करता. अठ्ठाईस साल में मैंने किसी का कहा नहीं माना. जो किया, अपनी आँख से देख के किया." आमच्यातला प्रत्येक गार्ड हे म्हणतो. निरोपसमारंभात तर म्हणावंच लागतं. पण पार्वती मॅडमनी पेन खाली ठेवलं. चतुर्वेदीजी खुर्चीत मागे टेकले आणि सुलोचनाकडे बघून म्हणाले, "लीजिए. आपका गवाह तो मेरी तरफ़ निकला." मागून हिंदुरावांचा आवाज आला, "आरं, मग मी काय येडा म्हणून निघत हुतो व्हय तुझ्या झेंडीवर?" मंडळ हसलं. मी हसलो नाही. मला कळलं होतं मी काय केलं ते. पाचवं प्रकरण मी एका वाक्यात पाडलं होतं.

सुलोचनाने परवानगी मागितली की साक्षीदाराला मी काही विचारू का. चतुर्वेदीजी म्हणाले, जरूर. ती माझ्याकडे वळली. घरी वळते तशी नाही. तिने मला 'निकमजी' म्हटलं.

"निकमजी, आज दुपारी सर झोपले आहेत असं तुम्ही सगळ्यांना सांगितलं. तुम्ही पाहिलं होतं?"

मी म्हणालो, नाही. दार बंद होतं.

"कोणी सांगितलं होतं?"

नाही.

"विचारलं होतं?"

मी म्हणालो, "चार पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या." (याला अनुमान म्हणतात, असं नंतर कळलं. ते चुकू शकतं.)

"आणि सर काय करत होते?"

मी म्हणालो, वाचत होते.

ती चतुर्वेदीजींकडे वळली. म्हणाली, जो माणूस कोणाचं ऐकत नाही, फक्त स्वतःचे डोळे मानतो, तो बंद दारासमोर बसून चुकीचं सांगतो. त्याने एक शब्द विचारला असता आणि तुमचा शब्द मानला असता, तर त्याला खरं कळलं असतं. त्याला ते कळवायला दुसरा मार्गच नव्हता. "सर, यही मेरा पाँचवाँ अध्याय है."

चतुर्वेदीजींनी प्रबंध मिटला. मग हसू लागले. म्हातारा माणूस हसताना खोकतो तसं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसणं संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की मी अजूनही सहमत नाही, पण आता का सहमत नाही हे मला घरी जाऊन शोधावं लागेल. यापेक्षा मोठी गोष्ट परीक्षक बोलत नाही, असं मॅडमनी मागाहून सांगितलं. त्यांनी तिथेच सही केली. पार्वती मॅडमनी केली. मग चतुर्वेदीजी उभे राहिले, म्हणून सगळं मंडळ उभं राहिलं, रॅकेटी खाली पडल्या, आणि ते म्हणाले, "डॉक्टर सुलोचना निकम." तारामतीवहिनी रडल्या. लाडू सगळ्यांना पुरले. विभागप्रमुखांनी दोन घेतले.

माझ्याबद्दल सांगायचं तर मला भर सभेत माझ्या बायकोने खोटं ठरवलं, तेही माझ्याच नोकरीबद्दल. मी परतताना बसमध्ये सगळ्यांना ते पुन्हा सांगितलं, हिंदुरावांना दोनदा. तुम्ही लग्नात मला म्हणाला होता, हिला शिकायची हौस आहे, पण संसारात हौस राहत नाही, तुम्ही काळजी करू नका. मी तेव्हा 'बरं' म्हणालो होतो. आप्पासाहेब, हौस राहिली. वजनाने सांगू शकतो.

चतुर्वेदीजींना संध्याकाळच्या गाडीत बसवून नुकताच आलो आहे. गाडी वेळेवर सुटली. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला गरम पाण्याचा शेक द्या.

आपला,
जनार्दन

ता. क. मूळ काम राहिलं. तुमच्या दुकानासमोरच्या चौकात हल्ली फ्लेक्स लागतात असं ऐकतो. वाढदिवसाचे, निवडीचे, कोणाच्या तरी पुतण्याचे. तिथे एक फ्लेक्स लावावा, एकच दिवस. सोबत फोटो पाठवतो. वर कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो नको. माझाही नको. (खालच्या कोपऱ्यात जागा उरलीच तर लहान चालेल. गणवेशातला पाठवतो आहे.) 'जयपूर येथील रेल्वे गार्ड यांच्या पत्नी' असं लिहू नका. 'आमच्या भगिनी' असं लिहा आणि खाली तुमचं नाव घाला, मोठ्या अक्षरात. फ्लेक्स जमला नाही तर निदान तिला फोन करा. आणि 'बरं' म्हणून ठेवू नका. ती वाट बघते आहे. हे तिने मला सांगितलेलं नाही, पण यात माझी चूक होत नसावी.

ता. क. दादा, पत्र मी वाचलं. फ्लेक्स लावू नकोस, गावात हसतील. फोन कर. आणि एक दुरुस्ती. सर झोपलेले नाहीत हे मला ठाऊक होतं. मी मागच्या खिडकीतून त्यांना विचारलं. ते म्हणाले, दुसरं प्रकरण चालू आहे, आणि चहा मिळाला तर बरं. मी चहा दिला. आमचे हे दारात बसले होते, कोणालाही आत जाऊ देत नव्हते, मोरालासुद्धा हाकलत होते. एवढी शांतता आमच्या क्वार्टरमध्ये पुन्हा मिळाली नसती. मी मॅडमना फोनवर सांगितलं की पाचवं संपलं की निघतो. मग कडी काढली. त्यांना काही बोलले नाही, कारण सांगितलं असतं तर दार सोडून ते खिडकीपाशी येऊन उभे राहिले असते.
सुलू

ता. क. वरचं मी आत्ता वाचलं. जे लिहिलं ते बदलत नाही. फ्लेक्सचं मात्र बघाच.
ज.

सकाळ. रात्री पत्र टाकायचं राहिलं. आज पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा सुलोचना टेबलाशी बसलेली होती. पाचव्या प्रकरणातलं बैलाच्या मुद्द्याचं पान पुन्हा लिहीत होती. चतुर्वेदीजी म्हणाले होते की आता काही बदलायची गरज नाही. पाणी मी भरलं.